आबांबरोबर दीव: कच्छलवरच्या गोष्टी आणि वणाकबाऱ्याचे बोंबील

"फिरून झालंय माझं," हे आमच्या आबांचं ठरलेलं उत्तर. काशी असो, अष्टविनायक असो की काकांनी काढलेली केरळची टूर. त्यामुळे 4 डिसेंबरला टीव्हीवर नौदल दिनाचा कार्यक्रम बघता बघता ते "दीवला जाऊन येऊ एकदा" म्हणाले, तेव्हा बाबांनी टीव्हीचा आवाज कमी करून पुन्हा विचारलं. जानेवारीची तिकिटं त्याच रात्री काढली, आबांचं मन बदलायच्या आत.

दीवच का, ते आम्हाला विचारावं लागलं नाही. 1971 च्या युद्धात आबा आयएनएस कच्छलवर होते, इंजिनरूममध्ये. वय विशीचं, लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत शिकून नुकतेच जहाजावर आलेले. 4 डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला, तेव्हा त्यांच्या सोबतीला किल्टन आणि कच्छल होत्या. पाचच दिवसांनी, 9 तारखेच्या रात्री, दीवसमोरच्या समुद्रात पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने आपली आयएनएस खुकरी बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नाविक गेले, 67 जण वाचले. वाचलेल्यांना पाण्यातून काढायला कच्छल गेली होती. एवढं घरात सगळ्यांना माहीत. पण तेही वाचून जास्त आणि आबांच्या तोंडून कमी.

पहिला दिवस: वेरावळ, सोमनाथ

दुपारी मुंबईहून निघालेली गाडी सकाळी वेरावळला पोचते. प्रवासात सांगण्यासारखं काही नाही, आबा सोडून. गाडीत शिरल्याबरोबर त्यांनी सामान आमच्याकडे दिलं आणि डब्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेरी मारून आले. दोन्ही दारं कुठे, आपत्कालीन खिडकी कुठली, आपल्या बर्थपासून किती पावलं. झोपताना चपला बाहेरच्या दिशेला तोंड करून ठेवल्या, टॉर्च सदऱ्याच्या खिशात. मग आमच्याकडे बोट करून, स्वतःला धरून, "तीन" असं म्हणाले आणि झोपले. हा "तीन" पुढे सगळ्या प्रवासात ऐकू येणार होता. रिक्षातून उतरलं की तीन, देवळातून बाहेर आलं की तीन. बाबा सांगतात, लहानपणी जत्रेत ते आणि काका-आत्या एका दोरीला बांधल्यासारखे चालायचे आणि दर दहा मिनिटांनी हजेरी व्हायची.

वेरावळला आमचा बेत थेट सोमनाथला जायचा होता, पण रिक्षा बंदराजवळून गेली आणि आबांनी ती थांबवली. किनाऱ्यावर लाकडी होड्या बांधत होते. होड्या म्हणजे दोन मजली घराएवढ्या, नुसत्या सांगाड्यावर उभ्या. एक म्हातारा सुतार फळ्यांच्या फटीत कापसाची वात ठोकून बसवत होता. वातीचं टोक डाव्या हाताच्या करंगळीला गुंडाळलेलं, छिन्नी आणि हातोडा एका लयीत. थोडं ठोकलं की अंगठा फिरवून बघायचा. जिथे अंगठ्याला वात लागेल तिथे पुन्हा ठोकायचा. आबा त्याच्याशेजारी उकिडवे बसले. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती, पण कुठलं इंजिन, किती सिलिंडर, शाफ्ट कुठल्या धातूचा, हे सगळं बोलून झालं. आम्ही तोवर चहाचे दोन राउंड संपवले.

सोमनाथला गर्दी बेताची होती. देवळामागे समुद्राकडे तोंड करून बाणस्तंभ आहे. इथून दक्षिण ध्रुवापर्यंत सरळ रेषेत कुठेही जमीन लागत नाही, असं त्यावर लिहिलंय. गाइड मोठ्या अभिमानाने सांगत होता. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जमिनीचं लिहिलंय. वाऱ्याचं काय नाही लिहिलेलं."

*जाणाऱ्यांसाठी:* सोमनाथच्या मंदिरात मोबाइल, कॅमेरा काही चालत नाही. बाहेर ठेवायची सोय आहे, पण रांगेत वेळ जातो. बरोबर ज्येष्ठ मंडळी असतील तर फोन खोलीवरच ठेवा आणि बाहेर भेटायची जागा आधी ठरवून घ्या. आमची आबांनी ठरवली होती, हे सांगायला नकोच.

दुसरा दिवस: दीव

वेरावळ ते दीव साधारण 90 किलोमीटर, कोडीनार-ऊनावरून. कोडीनारच्या अलीकडे रस्त्याकडेच्या एका काठियावाडी हॉटेलात थांबलो. बाजरीचा रोटला, वांग्याचा ओळो म्हणजे भरीत, लसणाची चटणी, गूळ आणि ताक. रोटला एवढा जाड की अर्ध्यातच पोट भरतं. आबांनी एकही कण टाकला नाही. ताटात उरलेलं ते बघू शकत नाहीत. जहाजावर गोडं पाणी मापून मिळायचं, त्यामुळे पाण्याचंही तसंच. आमच्या घरी नळ गळतोय हे नंतर कळतं, आबा उठलेत हे आधी.

दीवमध्ये शिरताना तपासणी नाका लागतो. गुजरातेत दारूबंदी आणि दीवमध्ये मुभा, त्यामुळे शनिवार-रविवारी इथे वेगळीच जत्रा असते. परतताना बाटली बरोबर नेऊ नका, गाड्या तपासतात. निवांतपणा हवा असेल तर सोमवार ते गुरुवार जा.

आम्ही एका मावशींच्या घरी उतरलो होतो. वरच्या मजल्यावर भाड्याच्या खोल्या, खाली त्या एकट्या राहतात. मुलगा इंग्लंडमध्ये लेस्टरला. दीवमधल्या बऱ्याच घरांची हीच कथा, पोर्तुगीज काळातल्या कागदांवर पोर्तुगालचा पासपोर्ट मिळतो आणि पोरं तिकडे जातात.

दुपारी किल्ला. पोर्तुगिजांनी 1535 मध्ये बांधायला घेतला आणि तो अजून धडधाकट आहे. समोर खाडीत पाणीकोठा नावाचा छोटा पाणकोट. आबांना तोफांपेक्षा पाण्यात रस. 1509 मध्ये याच पाण्यात पोर्तुगिजांनी गुजरातचा सुलतान, कालिकतचा राजा सामुरी आणि इजिप्तचे मामलूक सुलतान यांचं एकत्र आरमार हरवलं होतं. 1961 च्या डिसेंबरात दीव भारतात आलं, तेव्हा आयएनएस दिल्लीने इथेच समोरून मारा केला होता. हे दुसरं आबांनी सांगितलं. पहिलं मी सांगितलं, त्यावर त्यांनी "मग आता ती जहाजं कुठायत?" एवढंच विचारलं.

बुरुजाच्या पायऱ्या उंच आणि झिजलेल्या आहेत. मी फोटो काढत दोन्ही हात मोबाइलवर ठेवून उतरत होते. खालून आवाज आला, "एक हात जहाजाला!" नेव्हीतला हा पहिला धडा. शिडीवर असताना एक हात कामाचा, एक हात स्वतःसाठी. दोन्ही हात कामाला दिले की लाट आली की संपलं. आत्या नोकरी, घर, सासूचं आजारपण सगळं एकटी ओढत होती, तेव्हाही आबांनी तिला हेच फोनवर सांगितलं होतं. तिला आधी वाटलं आबा शिडीवर चढलेत.

*टिप:* किल्ल्यात सावली जवळजवळ नाही. जानेवारीतही टोपी आणि पाणी लागतं. फुदमच्या गंगेश्वर मंदिरात जाणार असाल तर भरती-ओहोटीची वेळ स्थानिकांना विचारा. पाच शिवलिंगांवर लाट येऊन जाते ते बघायला भरती हवी, पण पायऱ्या शेवाळलेल्या असतात.

रात्री मावशींनी तळलेला पापलेट आणि भात वाढला. आबा नेव्हीत होते हे कळल्यावर त्यांनी हातातला डाव खाली ठेवला. 71 साली त्या शाळेत होत्या. खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले, कंदिलाची वात बारीक, आणि त्यांचे वडील रेडिओला कान लावून. समोरच्या समुद्रात जहाज बुडालं हे त्यांना रेडिओवरून कळलं. त्या रात्री किनाऱ्यावर काहीही ऐकू आलं नव्हतं, हे त्या दोनदा म्हणाल्या.

मग त्यांनीच तो प्रश्न विचारला, जो आम्ही कधी धड विचारला नव्हता. कराचीला तुम्ही काय बघितलंत?

"टेम्परेचर," आबा म्हणाले.

मावशी हसल्या. आबा गंभीर होते. कच्छलला तीन शाफ्ट, म्हणजे पंखे फिरवणारे दांडे. मधला डिझेलवर, बाजूचे दोन गॅस टर्बाइनवर. जहाज रशियन, गेजवरची अक्षरंही रशियन. सीनियर लोक रशियात शिकून आलेले, त्यांनी या पोरांना अक्षरं पाठ करून घेतली होती. त्या रात्री आबांच्या वाट्याला काही गेज आणि व्हॉल्व्ह होते. वर क्षेपणास्त्रं सुटली, बंदर पेटलं, इतिहास घडला. खाली घाम, आवाज आणि काटा. "एका पोराला राहवेना. जरा वर जाऊन बघून येतो म्हणाला. आमचा चीफ त्याला म्हणाला, सगळे बघायला गेले तर परत कोण नेणार?"

मला एकदम लॉकडाउन आठवलं. घरातले सगळे दिवसभर बातम्या लावून, आकडे मोजत, फोनवर एकमेकांना घाबरवत बसलेले. आबांनी एका संध्याकाळी टीव्ही बंद केला आणि प्रत्येकाला विचारलं, तुझा व्हॉल्व्ह कुठला? आईचा किराणा, बाबांचा शेजारच्या आजोबांची औषधं, माझी परीक्षा. तेव्हा मला ते म्हातारपणाचं खूळ वाटलं होतं. त्यामागे कुठली रात्र होती ते दीवला भाताच्या ताटावर कळलं.

तिसरा दिवस: खुकरी स्मारक

सकाळी पाऊस नाही, ऊन नाही, नुसता वारा. चक्रतीर्थच्या किनाऱ्याजवळ टेकाडावर स्मारक आहे. काचेच्या घरात खुकरीची प्रतिकृती, आणि मागे तोच समुद्र. 1999 च्या डिसेंबरात ते उघडलं. जहाज जिथे बुडालं ती जागा इथून बरीच आत, काही दिसण्यासारखी नाही. आबांनी प्रतिकृतीला एक फेरी मारली, मागून पुढे, मग थांबले आणि वाऱ्याकडे पाठ करून कट्ट्यावर बसले.

एक शाळेची सहल आली होती. गुरुजी मुलांना कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांची गोष्ट सांगत होते. वाचता येईल तेवढ्यांना बाहेर ढकललं, स्वतः जहाज सोडलं नाही, मरणोत्तर महावीरचक्र. मुलं मन लावून ऐकत होती. गोष्ट संपल्यावर आबांनी जवळच्या मुलाला हिंदीत विचारलं, "और कितने थे?" मुलगा गुरुजींकडे बघायला लागला. "एक सौ चौऱ्याण्णव," आबांनी अर्धं हिंदी अर्धं मराठी उत्तर दिलं. "कॅप्टन धरून." गुरुजी चांगले होते, त्यांनी मुलांकडून आकडा म्हणून घेतला. मुल्लांबद्दल आबांना अपार आदर आहे, त्यांचं नाव ते बसून घेत नाहीत. पण बॉयलरपाशी, इंजिनापाशी, पाणबुडीचा माग काढणाऱ्या सोनार यंत्राच्या खोलीत जे होते त्यांना बाहेर ढकलायला कुणी नव्हतं, आणि आबा त्याच मजल्यावरचे.

मुलं गेल्यावर ते आपणहून बोलले. सलग नाही. मध्ये मध्ये गप्प बसत, मध्येच बाबांना "टोपी घाल" म्हणत.

खुकरी बुडाली त्याच्या दुसऱ्या सकाळी त्यांची वॉच, म्हणजे कामाची पाळी, संपली होती आणि डेकवर हात कमी पडत होते म्हणून त्यांना वर बोलावलं. पाण्यावर तेल. माणसं तेलाने काळी, कोण अधिकारी कोण नाविक ओळखू येत नव्हतं. हाताला धरलं की निसटायचा. मनगट, बोटं, काहीच पकडीत येत नाही. "मग काखेतनं दोर घालायचा. ओढताना त्याच्या तोंडाकडं बघायचं नाही, दोराकडं बघायचं." का, असं मी विचारलं. "तोंडाकडं बघितलं की हात ढिला पडतो."

वर घेतलेल्यांना घोंगडी, पुसायला मिळेल ते कापड आणि गोड चहा. एका नव्या पोराने एकाला विचारलं, काय झालं, कसं झालं? पेटी ऑफिसरने त्या पोराला असं झापलं की आबांना पन्नास वर्षांनीही शब्द पाठ आहेत. मला सांगितले नाहीत. तात्पर्य असं, की आधी गरम काहीतरी, मग नाव, बाकीचं तो सांगेल तेव्हा. आणि नावं लिहिताना दोनदा मोजायची.

काकांचं दुकान बुडालं त्या दिवशी घरात पंधरा माणसं जमली होती आणि प्रत्येकाला हिशेब हवा होता. किती कर्ज, कुणाकडून घेतलं, आधी का नाही बोललास. आबांनी काकांना बंबातलं गरम पाणी काढून दिलं, पाठ चोळून दिली, गूळ घालून चहा पाजला आणि दार लावून झोपवलं. नातेवाईक चिडून गेले. चौथ्या दिवशी काका स्वतःच वही घेऊन आबांसमोर बसले.

हे सगळं बोलून झाल्यावर बाबांनी पोस्टकार्डाची आठवण काढली. खुकरीची बातमी गावात रेडिओवर आली तेव्हा पणजीला, म्हणजे आबांच्या आईला, फक्त "नेव्हीचं जहाज" एवढं कळलं. मुलगा कुठल्या जहाजावर आहे हे घरात कुणाला माहीतच नव्हतं. पत्ता एकच, फ्लीट मेल ऑफिस, मुंबई. पुढचे कितीतरी दिवस तिने चूल पेटवली ती फक्त इतरांसाठी. मग पोस्टकार्ड आलं. मजकूर: "मी खुशाल आहे. मोटेचं चाक दुरुस्त केलंत का? सुताराला पैसे आगाऊ देऊ नये." पणजी ते कार्ड घेऊन अख्ख्या आळीत फिरली म्हणे, आणि सुताराला दुप्पट पैसे दिले.

दुपारी दुसरी खुकरी बघितली. जुनीच्या नावाने 1989 मध्ये नौदलात आलेली ही कॉर्व्हेट, म्हणजे छोटी युद्धनौका, 2021 च्या डिसेंबरात निवृत्त झाली आणि तिला संग्रहालय म्हणून दीवला आणलं. आबा किनाऱ्यावरूनच बघत बसले, वर चढायला तयार नव्हते. "ही माझ्या वेळची नाही," म्हणाले आणि रंग कुठे कुठे सोललाय ते बोटाने दाखवत राहिले.

*टिप:* स्मारकाला संध्याकाळी सूर्यास्ताची गर्दी होते. बोलायचं, बसायचं असेल तर सकाळी जा. वारा जबरदस्त असतो, ज्येष्ठांना कानटोपी हवीच. संग्रहालयाच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या.

चौथा दिवस: वणाकबारा

हा दिवस नागव्याच्या समुद्रकिनाऱ्यासाठी राखला होता. किनारा छान आहे, अर्धचंद्राकार, वाटेवर फांद्या फुटलेले होका माड. पण वॉटर स्कूटरच्या आवाजाने आबा वैतागले आणि आम्ही बेटाच्या पश्चिम टोकाला, वणाकबाऱ्याला गेलो. मच्छीमारांचं गाव. बोटींची गर्दी, झेंडे, डिझेलचा वास, आणि बांबूंवर ओळीने जबडे अडकवून वाळत घातलेले बोंबील.

तिथे जाळं शिवत बसलेल्या एका पन्नाशीच्या माणसाशी बोलणं सुरू झालं. त्याला मराठी समजत होतं, तरुणपणी बोटीवरून ससून डॉकला यायचा. आबा कुठल्या जहाजावर होते, कुठे गेले होते, हे बाबांनी जरा कौतुकाने सांगितलं. कराची ऐकल्यावर त्याने जाळं बाजूला ठेवलं.

"मैं भी गया हूँ," तो म्हणाला.

मासे पकडताना सीमा ओलांडली म्हणून पाकिस्तानी गस्तीने बोटीसकट धरलं होतं. सव्वा वर्ष कराचीच्या मलीर तुरुंगात. या किनाऱ्यावर प्रत्येक गावात असे लोक आहेत. पाण्यावर रेघ नसते आणि मासळी तिकडे सरकली की बोटीही सरकतात. सुटका झाल्यावर लाहोर, वाघा आणि मग घर. बोट परत मिळाली नाही, ती मालकाची होती. तुरुंगात मणी ओवायला शिकला. खिशातून किल्ली काढून दाखवली, तिला लाल-हिरव्या मण्यांचा मासा.

आबांनी त्याला विचारलं ते आम्हाला अपेक्षित नव्हतं. "कराची कसं आहे रे?"

तो हसला. बंदरावरून गाडीत घातलं, गाडीच्या जाळीतून एक पूल, एक चहाची टपरी आणि बरेच उंट दिसले. परत जाताना रात्र होती. "देखा ही नहीं, काका."

"मी पण नाही," आबा म्हणाले.

दोघंही मनापासून हसले. मग आबांनी विचारलं, आत जेवायला काय द्यायचे, घरी पत्र कधी पोचलं, बायकोने ते दिवस कसे काढले. कसं पकडलं, कुणाची चूक, हे काहीच विचारलं नाही. त्याची बायको चहा घेऊन आली होती. शेवटचा प्रश्न ऐकून ती दारातच बसली आणि पुढचा अर्धा तास तीच बोलली. बोट बुडाली की पकडली, हे तिला दोन महिने माहीत नव्हतं. आबांनी तिला पणजीच्या पोस्टकार्डाची गोष्ट सांगितली, सुताराच्या पैशांसकट.

निघताना तिने वर्तमानपत्रात गुंडाळून बोंबील दिले. पैसे घेतले नाहीत.

परतीचा प्रवास

बोंबील वर्तमानपत्रात राहत नाहीत, त्यांचा वास तर मुळीच नाही. गाडी सुटून अर्धा तास झाला नाही तोच समोरच्या बर्थवरच्या काकूंनी पदर नाकाला लावला. बाबा ओशाळले. आबांनी शांतपणे पिशवी काढली, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधली, त्यावर माझी ओढणी गुंडाळली आणि काकूंना विचारलं, चहा घेणार का? काकूंनी घेतला. सुरत यायच्या आत त्या स्वतःच्या सुनेबद्दल सगळं सांगत होत्या आणि आबा ऐकत होते. बोरिवलीला उतरताना त्या वाकून नमस्कार करून गेल्या, आणि मी ओढणी मागितली तर आबा म्हणाले, आता राहू दे तिकडंच.

*जाणाऱ्यांसाठी शेवटचं:* सुके बोंबील आणायचे असतील तर घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घरूनच न्या. ओढणी नेऊ नका.